डावा कोपरा

मंदा गेल्याचं मला प्राजक्ताने कळवलं. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. दादरच्या ज्या वाचनालयात मी गेली कित्येक वर्षं नोकरी करते, तिथे परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होते. हातात तीन जाड पुस्तकं आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला. ‘वसूताई, मंदाताई गेल्या,’ ती म्हणाली. मागून गाड्यांचे आवाज येत होते, म्हणून मी विचारलं, ‘तू आहेस कुठे?’ ‘ग्राउंडवर. हॉस्पिटलमधून निघाले आणि इथेच आले. साडेपाचला यायचं असतं ना.’ प्राजक्ता आता एकोणतीस वर्षांची आहे, नोकरी करते, तिचं लग्न झालंय. तरी त्या क्षणी मंदाने शिकवलेली वेळ पाळण्याखेरीज दुसरं काही तिला सुचलं नव्हतं.

चार दिवसांचा ताप. त्यातले तीन दिवस मंदाने तो अंगावर काढला, कारण ताप आहे म्हणून सराव बुडवायची तिची पद्धत नव्हती, आणि मुलींनी तसलं कारण सांगितलेलं तर तिला मुळीच चालायचं नाही. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. बावन्न वर्षांची होती. याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत जे जे भेटले ते तिच्या चढायांबद्दल बोलले. कोणाला तिने शेवटच्या मिनिटात आणलेले तीन गुण आठवत होते, कोणाला राज्याच्या संघातून आल्यावर लालबागमध्ये निघालेली मिरवणूक. मला मात्र चढाया संपल्यानंतरची मंदा आठवते. लोक विसरून गेलेत, पण मंदा एकदा निवृत्त झाली होती आणि पाच वर्षांनी परत आली होती. ती परत खेळू शकते का, हा प्रश्न त्या वर्षी आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी होता. आणि त्या प्रश्नाच्या मुळाशी मी होते.

तिची चाळ आणि आमची चाळ परळला समोरासमोर. तिचं घर मालवणकडचं, वडील गिरणीत. आमचं बौद्धांचं घर, वडील कारकून, आणि खोलीत भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. मधल्या पटांगणात मुली कबड्डी खेळायच्या. मला लहानपणापासून दम्याचा त्रास. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं आणि तोच श्वास शाबूत ठेवून परत यायचं, हे मला या जन्मी जमणारं नव्हतं. मी कठड्याला टेकून बघत बसायची. एक दिवस बारा वर्षांच्या मंदाने मला पाटी आणि पेन्सिल आणून दिली. म्हणाली, ‘तू आमचे गुण लिही. नुसतं काय बसतेस! पण खोटं लिहायचं नाही हां. माझ्यासाठीसुद्धा नाही.’ पाटीची पुढे वही झाली, वहीची आमच्या कबड्डी मंडळाची छापील गुणपत्रकं झाली, मी मंडळाची कायमची गुणलेखक झाले, आणि मंदाचा सगळा खेळ मी त्या टेबलामागून पाहिला.

ती चढाईची खेळाडू होती. मध्यरेषेवर एक क्षण थांबायची, मनगटाने कपाळ पुसायची आणि डावीकडून आत शिरायची. समोरच्या सातही जणींना ठाऊक असायचं की ही डावीकडूनच येणार, तरी त्यांना तिला अडवता यायचं नाही. बचावात मात्र तिचा काही उपयोग नसायचा. बाकीच्या मुली एकमेकींचे हात धरून साखळी करायच्या आणि ही महाराणी एका कडेला मोकळी उभी. ‘हात धरला की माझे पाय अडकतात,’ असं तिचं म्हणणं. आमच्या मंडळाचे चिटणीस दळवी काका चिडून ओरडायचे, ‘मंदे, हाताला काय सोनं लागलंय का तुझ्या?’ ती हसायची, पण हात द्यायची नाही. पुढच्या चढाईत दोन गुण घेऊन आली की काकाही गप्प बसायचे.

लग्नानंतर तिचा खेळ सुटेल असं सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. लग्नाच्या अकराव्या दिवशी ती सामन्याला हजर, हातात हिरवा चुडा आणि त्यावर डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळलेली. पंच म्हणाले, बांगड्या चालणार नाहीत. तिने एकेक करून त्या उतरवल्या आणि माझ्या टेबलावर गुणपत्रकाशेजारी ठेवल्या. सामना संपल्यावर तिची आई तणतणत आली, ‘चुडो काढलंस? अगो, लोक काय म्हणतले?’ मंदा घाम पुसत म्हणाली, ‘लोक म्हणतील, आठ गुण घेतले.’ तिचे यजमान, प्रकाश भाऊजी, बसमध्ये कंडक्टर होते. ते तिथेच उभे होते. त्यांनी काही न बोलता बांगड्या रुमालात बांधल्या आणि खिशात टाकल्या. भाऊजी मुळातच कमी बोलणारे.

सदतिसाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा गेला. पकडीत सापडली, वरून तिघी कोसळल्या, आणि आतलं काहीतरी तुटल्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी आम्ही दोघी हिंदमाताला माझ्या भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या पायऱ्या कठडा धरून उतरताना ती म्हणाली, ‘यंदा नाही खेळत गं. पुढचं पुढे बघू.’ तेवढंच. मी ते दळवी काकांच्या कानावर घातलं. त्या वर्षी मंडळाचा वर्धापनदिन थाटात करायचा होता, पाहुणे ठरले होते. आणि आमच्या मंडळाची एक रीत होती, की खेळाडूने खेळ थांबवला की त्याचा सत्कार करायचा, शाल, नारळ आणि चौकटीत बसवलेलं मानपत्र द्यायचं. मानपत्रं मी लिहायची, कारण एवढी पुस्तकं वाचणारी मंडळात दुसरी कोणी नव्हती. काका म्हणाले, ‘वसुधा, मंदाचं लिहायला घे. चांगलं दमदार लिही.’ मला वाटलं, काकांनी तिला विचारलं असणार. काकांना वाटलं, निरोप मी आणला म्हणजे मला तिनेच पाठवलं असणार. मंडळातली अर्धी कामं अशीच व्हायची, दुसऱ्याने विचारलं असेल या भरवशावर. एरवी ती नीट पारही पडायची.

मी मन लावून लिहिलं. ‘या झळाळत्या कारकिर्दीचा आज समारोप होत असताना’ असं एक वाक्य त्यात होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. काकांनी ते माइकवर वाचलं तेव्हा व्यासपीठावर बसलेल्या मंदाने मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. चेहऱ्यावर राग नव्हता. पंचांनी गुण चुकीचा दिला की ती पंचांकडे बघायची, तसं माझ्याकडे बघितलं. मागच्या फलकावर तिचा मोठा फोटो आणि खाली ‘निवृत्तीनिमित्त सत्कार’. तो फलक तिने आल्या आल्या वाचला होता, पण छापणाऱ्याची चूक समजून सोडून दिला होता, हे तिने मला फार नंतर सांगितलं. पाहुणे आलेले, सासरे पहिल्या रांगेत कोट घालून बसलेले, फुलांची तबकं तयार. मैदानात कोणालाही न घाबरणाऱ्या मंदाला मोठ्यांचा कार्यक्रम मोडणं मात्र शक्य नव्हतं. शाल घेतली, नारळ घेतला, चौकट घेतली, ‘सगळ्यांचे आभार’ म्हणाली आणि बसली. अशी ती निवृत्त झाली.

पुढची पाच वर्षं ती मैदानाकडे फिरकली नाही. खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली गिरगावातली नोकरी करायची आणि घरी जायची. आमचं बोलणं तुटलं नाही. भेटायचो, भाजीचे भाव, माझा दमा, भाऊजींची पाळी, सगळं व्हायचं. कबड्डीचा विषय निघाला की ती पदर खोचून उठायची, ‘चल, कुकर लावते.’ मला काय झालंय ते कळलेलं होतं. पण एकदा व्यासपीठावरून वाचलेलं परत कसं घ्यायचं, ते मला माहीत नव्हतं. मी पुस्तकातलं माणूस. छापलेल्या गोष्टीला मी नको तेवढी मानते.

ती बेचाळीस वर्षांची असताना एका दुपारी वाचनालयात आली. त्याआधी फक्त एकदाच आली होती, तीही दादरला चप्पल तुटली म्हणून. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली, इकडेतिकडे कपाटं बघितली आणि म्हणाली, ‘वसू, तू एवढं वाचतेस. खेळ सोडलेलं कोणी परत आलंय का गं?’

मला आनंद झाला, कारण हा प्रश्न मला झेपणारा होता. नेमकं त्याच आठवड्यात मी वाचनालयाच्या संगणकावर ऑस्ट्रेलियातल्या एका नामांकित फुटबॉल खेळाडूबद्दल वाचलं होतं. तो निवृत्त झाला होता आणि आता परत उतरू शकेल का, यावर तिथल्या वर्तमानपत्रांतून जोरदार वाद चालला होता. मी ती पानं उघडली. ‘आपल्याकडच्या फुटबॉलसारखा नाही हां हा,’ मी समजावू लागले, ‘चेंडू अंड्यासारखा लांबट. मैदान भलंमोठं, गोलसर. पायाने मारतात, हातानेही मारतात.’

‘आणि एकमेकांना धरतात?’

‘धरतात, पाडतात, सगळं.’

‘मग आपलाच खेळ की. मधे उगाच चेंडू घातलाय.’

मी वाचून दाखवू लागले. एक जुना प्रशिक्षक म्हणत होता, त्याच्या उडीत आता पूर्वीचा जोर येणार नाही. एक डॉक्टर सांध्यांबद्दल सांगत होता. कोणी म्हणत होतं, त्याने आपलं नाव राखावं. कोणी म्हणत होतं, नव्या पोरांची जागा अडेल. मंदा हाताची घडी घालून ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, ‘आणि तो काय म्हणतो?’ मी पानं वरखाली केली. पुन्हा पहिल्यापासून बघितली. ‘त्याचं काही छापलेलं नाही यात,’ मी म्हटलं. ‘म्हणजे त्याला कोणी विचारलंच नाही,’ ती म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. टोमणा मारायची तिची सवयच नव्हती. मी ती पानं बंद केली आणि म्हटलं, ‘मीही तुला विचारलं नव्हतं, मंदे.’

‘नव्हतंस.’

‘आता विचारू?’

‘विचार की. पाच वर्षं वाट बघतेय.’

‘खेळशील?’

‘खेळेन,’ ती म्हणाली आणि उठून उभी राहिली. ‘इथे प्यायचं पाणी कुठे असतं गं?’

त्याच संध्याकाळी आम्ही दळवी काकांकडे गेलो. मंडळाच्या खोलीत ते कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. ‘अगं, सत्कार केलाय तुझा! शाल दिली, नारळ दिला. असं कोणी परत येतं का? लोक विचारतील, मंडळाने नारळ कशाला दिला म्हणून.’

‘नारळाच्या वड्या केल्या मी काका, तेव्हाच. तो परत मिळणार नाही. शाल आईकडे आहे, हवी तर आणून देते.’

काकांना हसू आवरेना, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. मग माझ्याकडे वळले, ‘आणि तू गं? एवढं मानपत्र लिहिलंस ते?’ मी म्हटलं, ‘ते चुकलं. न विचारता लिहिलं.’ मंडळाच्या खोलीत मी कधी एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. काका बोर्डावर सोंगट्या लावू लागले. त्यांची चूक त्यांनाही दिसली असावी, पण चिटणीस माणूस, असं पटकन म्हणणार कसा? शेवटी म्हणाले, ‘महिनाभर मुलींबरोबर सराव कर. जमलं तर संघात. नाही जमलं तर पुन्हा सत्कार नाही हां, सांगून ठेवतो. एका खेळाडूला एकच नारळ.’

बातमी दोन दिवसांत पसरली. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या निवडणाऱ्या बायकांनाही त्यावर मत होतं. म्हणे गुडघ्यात लोखंड घातलंय, म्हणे नवऱ्याशी पैज लागलीय, म्हणे पोरींचं नुकसान करणार. मला रस्त्यात थांबवून लोक विचारायचे, ‘तुमची मैत्रीण खरंच उतरणार? जमेल?’ मी म्हणायची, ‘तिला विचारा.’ एवढं मी शिकले होते.

पण सरावात मी स्वतः बघत होते, आणि जे दिसत होतं ते चांगलं नव्हतं. एकोणीस वर्षांची प्राजक्ता तेव्हा संघात नुकती आलेली, बचावाच्या साखळीत डाव्या कोपऱ्यात खेळायची, मांजरासारखी चपळ. तिने पहिल्याच दिवशी मंदाला तीनदा घोट्याला धरून पाडलं. चौथ्या वेळी मंदाचा घोटा हातात आला आणि प्राजक्ताने तो सोडून दिला. मंदा मध्यरेषेवरून परत फिरली. ‘हात का सोडलास? मी तुझी आई आहे का?’ ‘नाही, ताई.’ ‘मग? तिथे समोरची सोडणार आहे मला?’ त्यानंतर मुलींनी तिला सोडलं नाही, आणि ती रोज पडत राहिली. डोळ्यांना वाट दिसायची, मनाने ती तिथे पोचायची, पण पाय अर्ध्या क्षणाने मागे राहायचे. कबड्डीत अर्धा क्षण म्हणजे फार. तरी महिना संपल्यावर तिने काकांना विचारलं, ‘संघात घेताय ना?’ आणि काका नाही म्हणू शकले नाहीत.

सामना आमच्याच मैदानात होता. उन्हं उतरलेली, कठड्यांवर, पायऱ्यांवर माणसंच माणसं. सगळी एकाच गोष्टीसाठी आलेली. मंदा पहिल्या चढाईला गेली. मध्यरेषेवर थांबली, मनगटाने कपाळ पुसलं, डावीकडून शिरली... आणि पकडली गेली. दुसऱ्यांदा गेली, पकडली गेली. तिसऱ्यांदा हात लावून आली असं वाटलं, पण पंचांनी नकार दिला, आणि पंच बरोबर होते. मागून कोणीतरी ओरडलं, ‘मावशी, घरी भात करपला!’ लोक हसले. मी मान खाली घालून गुणपत्रकात समोरच्या संघाचे गुण लिहीत गेले. खोटं लिहायचं नाही, असं तिनेच सांगितलेलं. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. प्रकाश भाऊजी कंडक्टरच्या गणवेशात कठड्यापाशी उभे होते. त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

मुली पाणी पीत होत्या, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. माझं टेबल जवळच, म्हणून मला ऐकू आलं. मंदा काकांना म्हणाली, ‘प्राजक्ताला चढाईला सोडा. तिचे पाय चांगलेत. डावा कोपरा मला द्या.’

‘तुला? कोपरा?’ काका बघतच राहिले. ‘अगं, जन्मात कधी साखळीत हात दिला नाहीस तू.’

‘आता देते.’

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा ती डाव्या कोपऱ्यात उभी होती, जरा वाकून, उजवा गुडघा किंचित मागे. शेजारच्या जागी प्राजक्ता. मंदाने न बघता हात पुढे केला आणि प्राजक्ताने तो धरला. पंचवीस वर्षांत मी तिला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. समोरच्या संघाची चढाईपटू उंच, तरुण मुलगी होती, पूर्वार्ध तिनेच गाजवला होता. ती ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत सरळ डाव्या कोपऱ्याकडे आली. मावशी तिथेच उभी आहे, सोपं काम. तिने बोनसच्या जादा गुणासाठी मागच्या रेघेपलीकडे पाय टाकला. मंदा तिच्या पायाकडे बघतच नव्हती, ती तिच्या खांद्याकडे बघत होती. पाय कुठे पडणार हे खांदा आधी सांगतो, हे जन्मभर चढाया करणाऱ्या बाईला ठाऊक नसणार तर कोणाला? पाय जमिनीला लागायच्या आत मंदाचा हात घोट्यावर पडला होता, आणि साखळीच्या ओढीने प्राजक्ता वरून आली. पकड. आणि मैदान जे ओरडलं...

तशा चार पकडी तिने केल्या. भात करपल्याचं पुन्हा कोणी ओरडलं नाही. इकडे प्राजक्ता चढायांवर चढाया करत सुटली. तो सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. मी शेवटची बेरीज तीनदा केली, पण हरलोच होतो. मंदा टेबलापाशी आली, पत्रकात डोकावली आणि म्हणाली, ‘बरोबर आहे.’ मग पत्रकावर बोट ठेवून, ‘या चार माझ्या?’ मी म्हटलं, ‘तुझ्या.’ ‘दोन दे प्राजक्ताला. हात तिचा होता.’ नियमात तसं बसत नव्हतं, म्हणून मी दिल्या नाहीत, आणि तिनेही आग्रह धरला नाही.

त्यानंतर ती तीन हंगाम खेळली, तिन्ही डाव्या कोपऱ्यात. आपल्या पायांनी थांबायचं ठरवलं तेव्हा वाचनालयात आली आणि म्हणाली, ‘आता लिही. आणि आधी मला दाखव.’ मी दाखवलं. तिने एका ओळीवर नख टेकवलं. ‘नुसतं चढाईपटू नको. डावा कोपरा पण घाल.’ काकांनी आपला शब्द मोडला आणि दुसरा नारळ दिला. मग सात वर्षं तिने मुली तयार केल्या. नवी मुलगी आली की पहिला आठवडा चढाई शिकवायची नाही. फक्त शेजारणीचा हात धरून उभं राहायला लावायची. मुलींना कंटाळा यायचा. ‘ताई, रेड कधी शिकवणार?’ ‘शिकवीन. ती सोपी असते.’

ती परत येऊ शकते का, या प्रश्नाचं उत्तर त्या मध्यंतरात तिला अचानक सुचलं, असंच आम्ही सगळे इतकी वर्षं धरून चाललो होतो. काका ते रंगवून सांगतात. मीही माझ्या मनाशी तसंच लिहून ठेवलं होतं.

गेल्या रविवारी मी प्रकाश भाऊजींना भेटायला लालबागला गेले. भाऊजी आता निवृत्त आहेत, मुलगा पुण्याला असतो. ‘बसा, चहा टाकलाय,’ म्हणाले. आत ओट्यापाशी ते चहा गाळू लागले, पण फार अवघडल्यासारखे, एक पाय लांब ठेवून, अंग तिरकं करून, हात लांबवून. चहा थोडा ओट्यावरून ओघळला. मी म्हटलं, ‘भाऊजी, कंबर धरलीय का? व्हा बाजूला, मी गाळते.’ ते म्हणाले, ‘कंबर नाही. खाली बघा.’

त्या खोलीत मी शेकडो वेळा जेवले असेन. जमिनीवर कायम लिनोलियम असायचं, तपकिरी फुलांचं. तेराव्याला जमीन धुवायला म्हणून ते उचललं होतं आणि भाऊजींनी परत टाकलं नव्हतं. खालच्या लाद्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटच्या रेघा होत्या. दाराचा उंबरठा ही मध्यरेषा, तिथून खऱ्या मापाने आखलेली, चढाईत ओलांडावीच लागते ती रेघ, तिच्यापुढे ओट्याजवळ बोनसची रेघ. मधल्या लाद्यांची नक्षी पावलांनी झिजून गेलेली. आणि ओट्याच्या डाव्या बाजूला, गॅसच्या खाली, भाऊजी जिथे उभे राहायला हवे होते नेमकी तिथे, एक छोटी फुली.

‘हे कधीचं?’ मी विचारलं.

‘सत्कार झाला ना, त्याच महिन्यातलं. मी ड्यूटीवर गेलो की लिनोलियम गुंडाळायची, यायच्या वेळेला परत टाकायची. आधी तिला वाटायचं मला माहीत नाही.’ भाऊजी एवढं सलग बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. ‘एकदा लवकर सुटलो. बघतो तर दारातून ओट्यापर्यंत चढाया चालल्यात. मी म्हटलं, चालू दे. मग ही फुली दिसली, तर विचारलं, ही कशाला? म्हणाली, पाय नाही परत आले, तर इथे उभी राहीन.’

त्यांनी माझ्या हातात कप दिला. मग फडकं घेतलं, फुलीच्या अलीकडे उकिडवे बसले आणि तिथूनच हात लांब करून ओघळलेला चहा पुसू लागले.